माईकपासून चार बोटं

आमच्या धंद्यात प्रत्येकाची जागा ठरलेली असते. गाणारा स्टेजवर, वाजवणारे त्याच्या मागे, अध्यक्ष सोफ्यावर आणि आम्ही साउंडवाले लोकांच्या मधात. आवाजाचा बोर्ड लोकांच्या मधातच ठेवावा लागतो, कारण त्यांना जे ऐकू येतं तेच आपल्याला ऐकू आलं तर आवाज नीट लावता येतो. त्यामुळे झालं काय, की उभ्या आयुष्यात मी गाणं जेवढं ऐकलं त्याहून जास्त गाणाऱ्याबद्दल लोक काय बोलतात ते ऐकलं. माझ्या पाठीमागं बसणाऱ्याला वाटतं, या बुढ्याच्या कानाला हेडफोन आहे, याला काय ऐकू जाते! अरे बाबा, हेडफोन एकाच कानाला लावतात. दुसरा कान तुझ्याकडेच असतो.

मंगरूळपीरला माझी साउंड सर्व्हिस. आता ती पोरगा पाहतो, दिनेश त्याचं नाव. त्याच्याकडे भिंतीएवढे बॉक्स आहेत, ते लागले की शेजारच्या घरची भांडी मांडणीवरून चालत खाली येतात. मी त्याला म्हणतो, बापू, गाणं कानानं ऐकायची चीज आहे, बरगड्यांनी नाही. तो हसतो आणि बॉक्स गाडीत भरतो. त्याचंही खरं आहे, गिऱ्हाईक तेच मागतं. मी धंदा सुरू केला तेव्हा माझ्याकडे दोन भोंगे, एक ॲम्प्लिफायर आणि एक माईक होता. भोंगे लिंबाच्या झाडाला बांधायचे, तोंडं गावाच्या दोन अंगाला करायची. मशीन गरम व्हायला वेळ लागे. तोवर पोरं गोळा होत आणि मी "हॅलो, हॅलो" म्हटलं की मागून "हॅलो" करत. त्या एका माईकवर लग्न, भागवत, उरूस, जयंती, प्रचारसभा सगळं निभावलं. त्या भोंग्याचा आवाज काही चांगला नव्हता, नाकातून बोलल्यासारखा होता, पण चार मैलांवरच्या वावरातल्या माणसाला कळे की आज अमक्या गावात काहीतरी आहे. तो आवाज आता आठवला की मला उगीच भूक लागते, कारण त्या आवाजाच्या पाठोपाठ नेहमी पंगत असे.

लोक गाणं आधी डोळ्यांनी ऐकतात, हा मी शिकलेला पहिला धडा. शिरपूरला एका मोठ्या लग्नात अकोल्याचा ऑर्केस्ट्रा आणला होता. त्यातला मुख्य गाणारा गुणी माणूस. पण त्याची बॅग एसटीतच राहिली आणि बॅगेत त्याचा चमचम करणारा कोट होता. बिचारा घामेजल्या साध्या शर्टावर उभा राहिला आणि जीव तोडून गायला. चार गाणी झाली. पाचव्याला नवरीचा मामा माझ्याजवळ आला आणि अगदी काळजीनं विचारता झाला, "काहो, मेन सिंगर कवा येते?" मी म्हटलं, हाच मेन आहे. मामानं त्याच्याकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि म्हणाला, "पैसे तं आमी कोटवाल्याचे देल्ले."

दुसरा धडा इकोचा. इको म्हणजे शब्दाला शेपूट लावायचं यंत्र. तुम्ही "माय" म्हटलं की ते मागून माय, माय, माय करत जातं. आमच्याकडे एक काळ असा होता की इको नसेल तर लोकांना साउंड बिघडला वाटे. गाणारा बरा असो की भिकार, मागून आरोळी येणार, इको वाढवा! मी वाढवत असे. पण दर्ग्याच्या उरुसाला एक म्हातारे कव्वाल आले होते, त्यांनी दोन ओळींतच गाणं थांबवलं आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "मियाँ, मेरी आवाज़ में पानी मत मिलाओ." मी इको बंद केला. माझ्या मागचे लोक म्हणू लागले की मशीन खराब झाली. कव्वालसाहेब गात राहिले आणि तासाभरानं तेच लोक मान हलवत होते. तेव्हापासून मी इको कमी ठेवायला लागलो आणि माझी दोन-चार गिऱ्हाइकं कमी झाली.

आता आमच्या समीक्षकांबद्दल. मोठ्या शहरात समीक्षक पेपरात असतो, आमच्याकडे तो बोर्डाच्या मागे खुर्ची टाकून बसतो. आमचे गुरुजी म्हणजे रिटायर शिक्षक, वाशिमच्या एका साप्ताहिकात टोपणनावानं लिहितात. टोपणनाव काय ते साऱ्या तालुक्याला माहीत आहे. गाण्याचा त्यांना शौक, कान चांगला, पण चपला, केस आणि कपडे यांवर त्यांची लेखणी जरा जास्तच चाले. एका गझल गाणाऱ्या बाईबद्दल त्यांनी अर्धा लेख तिच्या लिपस्टिकवर खर्च केला होता. मी विचारलं, गुरुजी, गाणं कसं होतं ते कुठं आहे? म्हणाले, जागा संपली.

हे सगळं सांगितलं ते सुकेशिनीसाठी. तिला आता तुम्ही ओळखता, निदान तुमची नातवंडं तरी ओळखतात. ती लोकांना "सुकी" म्हणून माहीत आहे. इंझोरीच्या अंगाला तिचं गाव, नाव मुद्दामच सांगत नाही, तिथल्या लोकांना मला तोंड दाखवायचं आहे. तिची आई मथुराबाई मजुरी करायची, अजूनही करते. विहारातल्या बायांच्या गाण्याच्या मंडळात ती पुढं गायची आणि बाकीच्या बाया धृपद उचलायच्या. गाणी बरीचशी तिनं स्वतःच रचलेली, निंदणाच्या ओळीत, वाकल्या वाकल्या. तिचं एक गाणं गावात सगळ्यांना पाठ होतं, "भाकरीच्या आधी माय, पाटी दे मले."

पहिल्यांदा भीमजयंतीला मी तिथं माईक लावला तेव्हा मथुराबाई माईकला अगदी ओठ लावून उभी राहिली आणि "भाकरीच्या" म्हणाली. भोंग्यातून फाट्‌ असा आवाज झाला, जणू कोणी फुगा फोडला. लोक हसले. ही भ, फ, प अशी अक्षरं तोंडातून वारा घेऊन निघतात. जुना माईक तो वारा झेलू शकत नाही आणि आवाज फुटतो. त्यात आमच्या जयंतीच्या गाण्यांत भ पावलोपावली. बरं, दूर उभं राहावं तर भोंगा शिट्टी मारतो. मी स्टेजवर गेलो आणि माझीच चार बोटं माझ्या ओठांपुढं आडवी धरून दाखवली. म्हटलं, "बाई, तोंड आन माईकाच्या मधात एवढी जागा. चार बोटं."

मथुराबाईनं ते असं धरलं की सोडलंच नाही. दर गाण्याआधी ती चार बोटं ओठांसमोर आडवी लावी, माईक त्यांना टेकवी, मग बोटं काढून घेई आणि गायला लागे. तिचं पाहून मंडळातल्या साऱ्या बाया तसंच करत. सुकेशिनी तेव्हा आईच्या पदराला धरून असायची. पुढं ती शाळेत गेली, दोन वेण्या, लाल फिती, आणि एका जयंतीला आईनं तिला खुर्चीवर उभं करून गायला लावलं. तिनंही आपली चार बोटं लावली. पण तिची बोटं काडीसारखी, जागा कमी पडली आणि भ फुटलाच. मी बोर्डावरूनच ओरडलो की पोरी, तुझी बोटं बारीक, आईची उसनी घे. मथुराबाईनं आपला हात तिच्या तोंडापुढं धरला, माईक सरकवला, हात काढला. मग ती पोरगी जी गायली, बोर्डाच्या मागे बसलेल्या माणसांनी बराच वेळ नावं ठेवली नाहीत. आमच्याकडे यापेक्षा मोठी पावती नसते. मला एवढीच हळहळ आहे की माझ्या टेपरेकॉर्डरमध्ये त्या दिवशी कॅसेट नव्हती.

पोरगी शिकायला पुण्याला गेली आणि गाणारी झाली. केस कापले, मानेवर मशीन फिरवलं, वर निळा पट्टा. नाव अर्धं केलं. गावात आधी केसांवरच चर्चा झाली. नाव सुकेशिनी आणि केसांचा असा सत्यानाश, हे लोकांना पचेना. सुकी म्हणजे काय, मिरची का बोंबील, असंही विचारून झालं. मग तिनं आईचं ते "भाकरीच्या आधी" गाणं ढोलाच्या ठेक्यावर, इंग्रजी बाज्यावर बसवलं आणि ते मोबाईलवर असं पसरलं की लग्नात, वरातीत, जिममध्ये तेच. मंगरूळपीरच्या बसस्टँडवर कॉलेजच्या पोरींना त्यावर नाचताना मी पाहिलं आहे. काही म्हणाले, पोरीनं आईचं नाव काढलं. काही म्हणाले, चळवळीचं गाणं नाचायला लावलं. दोन्ही प्रकारचे लोक ते गाणं पाठ म्हणत होते, ही त्यातली गंमत.

आणि ती चार बोटं. आता तिच्या हातात हजारो रुपयांचा माईक असतो, त्याला जाळी असते, आतून फोम असतो, तोंडात घेतला तरी फुटत नाही. तरी गाण्याआधी ती चार बोटं आडवी लावते आणि काढते. जुनी सवय. पण तिच्या व्हिडिओत ती खूण आली आणि जगानं तिचा अर्थ काढायला घेतला. मुंबईच्या एका बाईनं लिहिलं की ही स्त्रीच्या दाबलेल्या आवाजाची खूण आहे. दुसऱ्यानं लिहिलं की ही परदेशी गायिकेकडून केलेली उचल आहे. आमच्या गुरुजींनी लिहिलं की चार बोटं म्हणजे चार आर्यसत्यं. ते वाचून मी माझी बोटं पाहिली. एकाला नखुरडं झालं होतं.

मी खरं सांगितलं नाही असं नाही. चहाच्या टपरीवर सांगितलं. टपरीवाला म्हणाला, "हाव ना काकाजी, बोटं तुमीच शिकवले, गाणंबी तुमीच लिहून देल्लं." सारे हसले. पोरंपोरी फोटो काढताना ओठांपुढं चार बोटं धरू लागली, दिनेशच्या गाडीवरही कोणी ते चित्र चिकटवलं. मग मी सांगणं सोडून दिलं.

याच्यापर्यंत सगळं गमतीचं होतं. मग पुण्याच्या एका संगीत लिहिणाऱ्यानं मोबाईलवर लांबलचक लिहिलं की या मुलीचा आवाज तिचा नाही, यंत्रानं सुरात बसवलेला आहे, स्टेजवर ती नुसते ओठ हलवते, तिच्यापाशी आहे ती फक्त केसांची स्टाईल आणि बोटांची खूण. गुरुजींनी त्याचा गोषवारा साप्ताहिकात छापला. गुरुजी खोटं लिहिणारे नाहीत, पण छापील मजकुरावर त्यांचा भारी विश्वास. साप्ताहिक गावात पोचलं आणि विहाराची देखरेख करणारे तुळशीरामबाबा यांनी त्यात आपली भर घातली. म्हणे, ती लहान होती तेव्हा तरी कुठं गात होती, माईकवाल्याचा इको गोड होता!

माझा असा संताप झाला. त्या पोरीच्या गाण्याला मी कधी इको लावलाच नव्हता. मी म्हटलं, हा बाबा आता न लावलेला इको माझ्याही गळ्यात बांधून राह्यला.

पण संताप बाजूला राहिला, कारण एक दिवस सुकेशिनीचा फोन आला. पुण्या-मुंबईत कोण काय लिहितं त्याची तिला सवय झाली होती. म्हणाली, "काकाजी, आईनं गाणं सोडलं."

वावरात बायांनी मथुराबाईला विचारलं होतं, तुझ्या पोरीचा आवाज मशीनचा आहे म्हणतात, खरं काय? मथुराबाईनं हातातली ओळ पुरी केली. घरी येऊन लेकीला फोनवर एवढंच म्हणाली की तुझा गळा माझ्यावर गेला असं सारं गाव म्हणायचं, आता तुझा खोटा ठरला तर माझाही खोटाच. त्या दिवसापासून ती विहारात मागं बसू लागली. बाया तिला पुढं ओढत, ती पदर तोंडाला लावून नाही म्हणे. जिनं निंदणात गाणी रचली ती बाई गप्प राहू लागली. सुकेशिनीला जयंतीला गावात गायचं होतं, एक पैसा न घेता, आणि साउंड माझाच पाहिजे होता. मी म्हटलं, मी रिटायर झालो. ती म्हणाली, मग एका दिवसापुरते हजर व्हा.

जयंतीच्या दिवशी दुपारीच आम्ही शाळेच्या मैदानावर सामान उतरवलं. एप्रिलचं ऊन, पत्र्याला हात लावला तर पोळे. तिच्यासोबत पुण्याचा एक साउंडवाला आला होता, लॅपटॉप घेऊन. मुलगा नम्र होता, मला सर म्हणत होता. त्यानं त्यांची पद्धत समजावली ती तुम्हालाही सांगतो. हल्ली गाण्याचा सगळा बाजा आधीच भरून आणलेला असतो, त्याला ट्रॅक म्हणतात. त्यातच गाणाऱ्याचा आवाजही बारीक करून भरलेला असतो. वर गाणारा खरंच गात असतो, पण नाचता नाचता दम लागला, श्वास तुटला, तर खालचा आवाज वरच्याला टेकू देतो. मोठमोठे लोक असंच करतात. याला लबाडी म्हणता येत नाही, पण पूर्ण खरंही म्हणता येत नाही. तो मुलगा म्हणाला की दोन वर्षांत मॅडम टेकूशिवाय कधी गायल्या नाहीत.

सुकेशिनी साध्या टी-शर्टवर, पायात स्लिपर, माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. विचारलं की आईच्या गाण्याला खालचा आवाज काढून टाकू का. मी विचारलं, गळा कसा आहे? म्हणाली, बसला आहे, कालच नागपूरला कार्यक्रम झाला. मी धंद्याचा माणूस. चाळीस वर्षांत मी कार्यक्रम पडू दिला नाही. मी सरळ सांगितलं, राहू दे, कोणाला कळत नाही.

तिनं मैदानाकडे पाहिलं. तिथं पोरं सतरंज्या टाकत होती.

"मले कळते ना," ती म्हणाली. "काढा. चुकली तं चुकली."

दुसऱ्या दिवशी मोबाईलवर आणि पेपरात काय काय आलं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे ती कटकट मिटते. कोणी लिहिलं, घरच्या मैदानावर सुकीचा आवाज फाटला. कोणी लिहिलं, हा ठरवून केलेला प्रसिद्धीचा खेळ. ज्यानं तिचा आवाज यंत्राचा आहे असं लिहिलं होतं त्यानंच आता लिहिलं की तिला रियाजाची गरज आहे. पंधरा सेकंदांचा तुकडा फिरत राहिला, ज्यात ती चुकते आणि थांबते. त्याच्या पुढचा तुकडा फारसा फिरला नाही. पुढचा मी सांगतो.

दिवेलागणीला वंदना झाली, मग कार्यक्रम. पांढऱ्या लुगड्यातल्या बाया एका अंगाला, माणसं दुसऱ्या अंगाला, तरणी पोरं स्टेजला चिकटून. मथुराबाई बायांच्या अगदी कडेला, माझ्या बोर्डापासून हाकेच्या अंतरावर. मी ऐकायला नाही आली, पोरगी आली म्हणून आली, असं तिनं दिनेशला सांगून ठेवलं होतं. माझ्या मागं नेहमीप्रमाणे गुरुजी, शेजारी तुळशीरामबाबा.

पहिली गाणी झाली, टेकूची. पोरं नाचली. मागं परीक्षा चालू होती. जाकीट आवडलं नाही. केस तर मुळीच नाही. आवाज बरा, पण आवाजाचं काय, थो तं मशीनचा. मग तिनं हात वर करून पोरांना बसवलं आणि सांगितलं की पुढचं गाणं माझ्या आईचं आहे. चार बोटं लावली. पोरांनी तिच्यासोबत बोटं लावून आरोळी ठोकली. पुण्याच्या मुलानं खालचा आवाज बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. छाती माझीच धडधडत होती, आणि ते काही दिनेशच्या बॉक्समुळं नव्हतं.

पहिलं कडवं चांगलं गेलं. टेकू गेल्यावर आवाज एकदम एकटा वाटला, थोडा खरखरीत, पण मला ओळखीचा. खुर्चीवर उभ्या राहिलेल्या पोरीचाच, फक्त मोठा झालेला. दुसऱ्या कडव्यात ओळ वर चढते, मथुराबाई तिथं डोळे मिटायची. सुकेशिनी तिथं पोचली आणि गळ्यानं दगा दिला. आवाज चिरला, सूर खाली घसरला. तिनं पुन्हा उचलायचा प्रयत्न केला, पुन्हा घसरला. ती थांबली. ढोल वाजतच होता. मी पुण्याच्या मुलाला हातानं खूण केली, त्यानं तोही बंद केला. एवढं मोठं मैदान आणि कोणी खोकेना.

"बेसूर झाली," गुरुजी हळूच म्हणाले.

तुळशीरामबाबा पुढं सरकून बसले. "मंग मशीन नाई ना, गुरुजी? मशीन काहून चुकन?"

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "नाही. मशीन नाही." आणि ते मोठ्यानं म्हणाले. त्या माणसाचं मला हे नेहमी आवडत आलं आहे. पुढच्या अंकात त्यांनी तसंच छापलं, पहिल्या वाक्यात, आणि केसांबद्दल एक शब्द लिहिला नाही. पण मैदानावर छापील अंकाची वाट कोणी पाहत नव्हतं. बाबा मागं वळले आणि मागच्या ओळीला सांगितलं, मागच्या ओळीनं तिच्या मागच्या ओळीला. चुकली म्हणजे स्वतः गाऊन राह्यली. लोकांमधून एक हुंकारासारखा आवाज फिरला. मी तो आवाज ओळखतो. लोक गाणाऱ्याला आपलं म्हणतात तेव्हा तो येतो.

स्टेजवरच्या पोरीला मात्र त्यातलं काही कळत नव्हतं. तिच्या डोळ्यांवर दिव्यांचा झोत. तिला दिसत होतं ते काळं मैदान, आणि तिला वाटत होतं सारं संपलं. माईक तिनं खाली घेतला होता. मला तिचा चेहरा दिसत होता. आवाज वाढवता येतो, कमी करता येतो. नसलेला आवाज कुठून आणायचा?

तेवढ्यात बायांच्या अंगानं ती वरची ओळ आली. बारीक, माईकशिवाय, पण नेमक्या जागेवर. वर्षानुवर्षं मी त्या आवाजाला माईक लावला होता, मला वळून पाहायची गरज नव्हती. मथुराबाई बसल्या जागी गात होती, पदर तोंडावरच होता. तिच्या मंडळातल्या बायांनी सवयीनं धृपद उचललं. पण तो आवाज स्टेजपर्यंत पोचत नव्हता. लेक तिथं तशीच उभी होती, तिला ऐकू गेलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या मधात साउंडवाल्यानं बोर्ड सोडायचा नसतो. हे मी दिनेशला शंभरदा शिकवलं आहे. मी दिनेशला म्हटलं, बस इथं, दुसरा माईक चालू ठेव. बिनतारेचा माईक घेतला आणि सतरंज्या तुडवत, बायांची बोलणी खात, मथुराबाईपर्यंत गेलो. गुडघे दुखत होते, तरी तिच्यासमोर बसलो आणि माईक धरला. तिनं माझ्याकडे पाहिलं, माईककडे पाहिलं. मला वाटलं, आता ही नाही म्हणते.

तिनं तोंडावरचा पदर काढला. उजवा हात वर आणला, चार बोटं ओठांसमोर आडवी लावली आणि माईक त्यांना टेकेपर्यंत माझं मनगट धरून जवळ ओढलं.

शेजारी कॉलेजातल्या पोरी बसल्या होत्या. त्यांतली एक दुसरीला कोपर मारून म्हणाली, "पाह्य वं, म्हतारी सुकीची नकल करून राह्यली."

मी माईक तसाच धरला. माझा हात हलू द्यायचा नव्हता. मथुराबाईनं बोटं काढली, स्टेजकडे पाहिलं आणि पहिल्यापासून सुरू केलं, "भाकरीच्या आधी माय." तिकडे सुकेशिनीची मान वर झाली.

भ फुटला नाही.